पक्ष्यांचा जीनोम लहान म्हणून मेंदू भारी? हे स्वतः तपासायचं कसं

निळ्या-पिवळ्या मकाव या मोठ्या पोपटाचा मेंदू साधारण २१ ग्रॅमचा असतो. त्या मेंदूच्या पॅलियम नावाच्या भागात, म्हणजे शिकणं, लक्षात ठेवणं, अडचण सोडवणं हे जिथे चालतं तिथे, १९० कोटींच्या आसपास न्यूरॉन असतात. ऱ्हीसस माकडाचा अख्खा मेंदू ८७ ग्रॅमच्या घरात, म्हणजे मकावच्या चौपट, आणि तरी त्याच्या कॉर्टेक्समधले, म्हणजे तशीच कामं करणाऱ्या मेंदूच्या बाहेरच्या थरातले, न्यूरॉन १७० कोटींच्या आसपासच. ही मोजणी प्रागमधल्या पावेल न्येमेत्स यांच्या गटाने सुझाना हर्कुलानो-हूझेल यांच्यासोबत २०१६ साली छापली, २८ जातींचे पक्षी मोजून, आणि तेव्हापासून एवढ्याशा डोक्यात एवढं मावतं कसं हा प्रश्न कोणालाही पडावा असाच आहे.

याचं एक सोपं उत्तर लगेच दिलं जातं. पक्ष्यांचा जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, लहान, म्हणून पेशी लहान, म्हणून न्यूरॉन जास्त मावतात, म्हणून पोपट आणि कावळे हुशार. ऐकायला फार छान वाटतं, पण यातला पहिला अर्धा भाग बराच पक्का आहे आणि शेवटचा भाग म्हणजे मधल्या दोनतीन पायऱ्या गाळून मारलेली उडी आहे. ही साखळी कडी-कडीने कशी तपासायची तेच इथे सांगतोय. बीएस्सी-एमएस्सीची मुलं, पक्षीनिरीक्षण करणारे, नुसतं कुतूहल असलेले, कोणालाही जमेल, कारण लागणारा बहुतेक डेटा फुकट आहे, एक लॅपटॉप पुरतो आणि कॉलेजचा मायक्रोस्कोप मिळाला तर फारच उत्तम.

साखळी आधी कागदावर मांडा

डेटा उतरवायच्या आधी कागद घ्या आणि कड्या लिहा, ही पायरी टाळू नका, कारण पुढचा सगळा गोंधळ इथेच होतो. पहिली कडी: जीनोम मोठा तर केंद्रक मोठं, आणि केंद्रक मोठं तर पेशी मोठी. हे पक्ष्यांपासून बेडकांपर्यंत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे, विशेषतः लाल रक्तपेशींमधे. दुसरी कडी: पेशी मोठी तर तिचं विभाजन सावकाश आणि आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी, म्हणजे देवाणघेवाणही सावकाश. तिसरी: पेशी लहान तर तेवढ्याच जागेत जास्त न्यूरॉन. चौथी: न्यूरॉन जास्त तर मेंदूची क्षमता जास्त. प्रत्येक कडीला वेगळा पुरावा लागतो, आणि पहिली सिद्ध झाली म्हणून चौथी आपोआप सिद्ध होत नाही.

मोठ्या जीनोमचं टोक बघायचं असेल तर सॅलमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराकडे बघा. त्यातल्या ॲक्सोलोटलचा जीनोम ३२ अब्ज बेस-जोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांचा, माणसाच्या दसपट. गेरहार्ड रोथ आणि डेव्हिड वेक यांनी सहकाऱ्यांसोबत १९९४ मधे दाखवलं की बेडूक आणि सॅलमँडर यांच्यात पेशी जितक्या मोठ्या तितकी मेंदूची रचना साधी होत जाते, थर कमी, वेगळे ओळखू येणारे भाग कमी. म्हणजे जीनोमचा भार मेंदूच्या रचनेवर पडू शकतो हे उभयचरांमधे चांगलं दिसतं. पण तिथे जातीजातींमधला जीनोमचा फरक कित्येक पटींचा असतो. पक्ष्यांचं तसं नाही, आणि ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

आता प्रश्न तीन पातळ्यांवर वेगळा करा. एक, सगळे पक्षी एका बाजूला आणि सस्तन प्राणी दुसऱ्या बाजूला. दोन, पक्ष्यांच्या मोठ्या गटांची आपसात तुलना, म्हणजे कोंबडीचा गट, पोपट, गाणारे पक्षी, शहामृगवाले. तीन, एकाच गटाच्या आत, उदाहरणार्थ फक्त पोपट. या तिन्हींची उत्तरं सारखी येत नाहीत! एका पातळीचं उत्तर दुसरीला चिकटवलं की सगळं फसतं.

जीनोमचा आकडा कुठून घ्यायचा

कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातले रायन ग्रेगरी ॲनिमल जीनोम साइझ डेटाबेस चालवतात, २००१ पासून, तो उघडा आणि पक्ष्यांचा भाग शोधा. आकडे पिकोग्रॅममधे असतात, म्हणजे गुणसूत्रांच्या एका संचातल्या डीएनएचं वजन. बेस-जोड्यांमधे बदलायचं असेल तर एक पिकोग्रॅम म्हणजे ९७.८ कोटी जोड्या. कोंबडीचा आकडा १.२५, म्हणजे सुमारे १२२ कोटी. माणसाचा जीनोम ३१० कोटींच्या आसपास, तेव्हा कोंबडीपेक्षा अडीच पट. पक्ष्यांमधे सगळ्यात लहान मोजलेले जीनोम हमिंगबर्डचे, काळ्या हनुवटीच्या हमिंगबर्डचा ०.९१, आणि वरच्या टोकाला शहामृग, २.१६. बाकी जवळजवळ सगळे पक्षी यांच्या मधे दाटीवाटीने बसलेत.

इथे थांबून एक हिशोब हाताने करा. पक्ष्यांमधला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान जीनोम यांच्यातला फरक अडीच पटीच्याही आत आहे. समजा जीनोम दुप्पट झाला आणि पेशीचं आकारमान त्याच प्रमाणात दुप्पट झालं, तर पेशीचा व्यास फक्त २६ टक्क्यांनी वाढतो, कारण दोनचं घनमूळ १.२६. आणि त्याच जागेत मावणाऱ्या पेशी फार तर निम्म्या होतील. म्हणजे पक्ष्यांच्या आत जीनोममुळे मेंदूत कितीही फरक पडला तरी तो दोन-अडीच पटीच्या आतच राहणार. कुठल्या दोन पक्ष्यांमधला फरक याहून मोठा दिसला तर तिथे दुसरं काहीतरी कारण आहेच, एवढं या एका ओळीच्या गणितातून समजतं, सॉफ्टवेअर लागत नाही.

आता सापळे. मोठा सापळा म्हणजे जीनोमचे दोन वेगवेगळे आकडे. एक असतो प्रयोगशाळेत मोजलेला, डीएनएला रंग देऊन, आणि दुसरा असतो सिक्वेन्सिंग करून, म्हणजे डीएनएची अक्षरं तुकड्यातुकड्याने वाचून, जुळवलेल्या जीनोमची लांबी. दुसरा नेहमी थोडा कमी भरतो. कोंबडीचं जुळवलेलं जीनोम बरीच वर्षं १०५ कोटींच्या आसपास होतं, मोजलेलं १२२. राहिलेलं गेलं कुठे, तर पुन्हा पुन्हा येणारे तुकडे आणि बारकी गुणसूत्रं जुळणीत नीट येत नाहीत. कोंबडीला ७८ गुणसूत्रं असतात आणि त्यातली बरीचशी अगदी चिमुकली. तेव्हा एका जातीचा आकडा मोजलेला आणि दुसरीचा जुळवलेला असं एकाच कॉलममधे कधीही टाकू नका, फरक तुम्हाला जातींचा वाटेल आणि असेल तो पद्धतीचा.

याच कारणाने अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. २०१४ मधे एक मोठा दावा आला होता की पक्ष्यांमधे २७४ जीन्स गायबच आहेत. नंतर बाकीच्या गटांनी शोधलं तर त्यातले बरेच सापडले, ते डीएनएच्या जी आणि सी या अक्षरांनी गच्च भरलेल्या भागात होते जिथे तेव्हाची सिक्वेन्सिंग मशीन अडखळायची. म्हणून "पक्ष्याने अमुक जीन गमावला म्हणून त्याचा मेंदू असा झाला" असं वाक्य दिसलं की पहिलं बघायचं ते जीनोम कधीचं आणि कोणत्या तंत्राने वाचलेलं.

डीएनए कुठल्या पेशीतून घेतला तेही बघा. गाणाऱ्या पक्ष्यांमधे एक जादा गुणसूत्र असतं जे फक्त बीजपेशींमधे असतं, रक्तात नाही, मेंदूतही नाही. झेब्रा फिंचमधे ते १९९८ मधे सापडलं आणि २०१९ मधे तपासलेल्या सगळ्याच गाणाऱ्या पक्ष्यांमधे दिसलं. आपल्याला मेंदूच्या पेशींशी तुलना करायची आहे, तेव्हा रक्ताचा आकडाच बरोबर. नर की मादी हेही लिहून ठेवा, कारण पक्ष्यांमधे मादीकडे झेड आणि डब्ल्यू अशी जोडी असते, बहुतेक जातींमधे डब्ल्यू लहान असतं, म्हणून मादीचा आकडा नरापेक्षा किंचित कमी येतो. आणि ०.०३ किंवा ०.०५ पिकोग्रॅमच्या फरकावर इमारत बांधू नका, दोन प्रयोगशाळांच्या मोजणीत तेवढा फरक सहज पडतो.

रक्ताची स्लाइड बघाच

हा भाग मनापासून करा असं सांगेन, कारण आकड्यांमागे काय आहे ते डोळ्यांनी दिसतं. पक्ष्यांच्या लाल रक्तपेशीत केंद्रक असतं, आपल्या रक्तपेशीत नसतं. चिकनच्या दुकानात आधी सांगून ठेवा, जांभळ्या झाकणाची ट्यूब न्या म्हणजे रक्त गोठत नाही, हातमोजे घाला, काम झाल्यावर सगळं नीट निर्जंतुक करून टाका, आणि परिसरात बर्ड फ्लूची बातमी असेल तर हे करूच नका. एक थेंब स्लाइडवर, दुसऱ्या स्लाइडने पातळ ओढायचा, वाळवायचा, लीशमन स्टेन घालून दोनेक मिनिटं थांबायचं, मग बफरचं पाणी घालून आठ-दहा मिनिटं, मग धुवायचं. ४० च्या लेन्सखाली अंडाकृती पेशी आणि मधे गडद केंद्रक स्पष्ट दिसतं. पेशीची लांबी ११-१२ मायक्रॉनच्या आसपास भरते. आता कॉलेजच्या कपाटातली बेडकाच्या रक्ताची तयार स्लाइड लावा. पेशी किती मोठ्या आणि केंद्रक किती मोठं ते बघा. बेडकांचे जीनोम साधारणपणे पक्ष्यांपेक्षा बरेच मोठे असतात, आणि पहिली कडी अशी समोर दिसते.

प्रयोगशाळेत आकडा काढायची खरी पद्धत याचीच पुढची पायरी आहे. फॉइलगेन रंग फक्त डीएनएला लागतो, आधी हायड्रोक्लोरिक ॲसिडमधे ठेवून मग शिफ रिएजंट द्यायचं, जेवढा डीएनए तेवढा रंग गडद, कॅमेऱ्याने फोटो काढून केंद्रकाची घनता मोजायची आणि शेजारी कोंबडीची स्लाइड त्याच बॅचमधे रंगवून १.२५ धरून तुलना करायची. दुसरी पद्धत फ्लो सायटोमेट्री, तीही बऱ्याचदा कोंबडीचंच रक्त प्रमाण धरून. जगभरच्या मोजणीत कोंबडी हा असा पाया आहे. एक विनंती, जंगली पक्षी किंवा पोपट पकडून रक्त काढायचा विचारही करू नका. आपल्याकडचे राघू १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, पकडणं काय पाळणंही गुन्हा आहे, आणि या कामाला त्याची गरजच नाही.

मेंदूच्या बाजूला नेमकं काय मोजायचं

मेंदूचं वजन, कवटीच्या पोकळीचं आकारमान, शरीराच्या मानाने मेंदू, आणि न्यूरॉनची संख्या, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन सहज मिळतात, कारण संग्रहालयातल्या कवटीत बारीक छर्रे किंवा बिया भरून आकारमान मोजायची रीत जुनी आहे, आणि पक्ष्यांमधे मेंदू कवटीत अगदी घट्ट बसलेला असतो म्हणून ते आकारमान मेंदूच्या वजनाशी छान जुळतं. अँड्र्यू इवान्यूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर भरपूर आकडे छापलेत.

पण आपल्या प्रश्नाला खरा आकडा लागतो तो न्यूरॉनचा. तो काढायची पद्धत हर्कुलानो-हूझेल आणि रोबेर्तो लेंट यांनी २००५ मधे दिली. मेंदूचा भाग डिटर्जंटमधे काचेच्या उपकरणात घोटून त्याचा एकजीव द्रव करायचा, पेशींचे पडदे फुटतात आणि केंद्रकं सुटी राहतात, त्यांना चमकणारा रंग द्यायचा, रक्तपेशी मोजायला जो काचेचा कक्ष वापरतात त्यातच ती मोजायची, आणि मग न्यूरॉनची केंद्रकं ओळखणाऱ्या अँटिबॉडीने त्यातले न्यूरॉन किती ते काढायचं. एका न्यूरॉनला एक केंद्रक, त्यामुळे मोजणी सरळ. या पद्धतीने गोल्डक्रेस्ट या जेमतेम पाच-सहा ग्रॅमच्या पक्ष्यात १६.४ कोटी न्यूरॉन निघाले, त्याहून कितीतरी वजनदार उंदरात ७.१ कोटी. आपल्या साळुंकीच्या नात्यातला युरोपी स्टार्लिंग, मेंदू १.८ ग्रॅमच्या आसपास, ४८ कोटी, आणि तेवढ्याच मेंदूच्या घुशीसारख्या रॅटमधे २० कोटी. डबा तेवढाच, एकात लिंबं आणि एकात वाटाणे, तसं.

आता बघा, इथे फरक अडीच पटीच्या आसपास आहे आणि जीनोमचा फरकही तेवढाच! लगेच वाटतं झालं, सिद्ध झालं. थांबा, आता कोंबडी आत आणा. रानकोंबडीच्या मेंदूत साधारण २२ कोटी न्यूरॉन, आणि मेंदू तीनेक ग्रॅमचा. म्हणजे दाटी रॅटपेक्षाही कमी. आणि बजरीगर, ज्याला आपल्याकडे दुकानात सर्रास लव्हबर्ड म्हणून विकतात, त्याचा मेंदू दीड ग्रॅमच्याही आत आणि न्यूरॉन ३२ कोटी. झेब्रा फिंचचा मेंदूही बजरीगरसारखाच दाट, आणि कोंबडीचा जीनोम १.२५ तर झेब्रा फिंचचा मोजलेला आकडाही १.२५. जीनोम सारखा, आणि मेंदूतली दाटी इतकी वेगळी. मला तर या सगळ्या विषयात ही एक तुलना सगळ्यात मोलाची वाटते. लहान जीनोममुळे लहान पेशी शक्य होतात, दाट मेंदू शक्य होतो, पण तो आपोआप बनत नाही, बनवायला पक्ष्याच्या वाढीत अजून काहीतरी घडावं लागतं.

ते काय? एक मजबूत धागा पिल्लाच्या वाढीचा आहे. कोंबडीचं पिल्लू अंड्यातून निघालं की पळायला लागतं, मेंदू बराचसा तयार. पोपटाचं आणि फिंचचं पिल्लू उघडं, आंधळं, आईबापावर अवलंबून, आणि मेंदूची वाढ बाहेर आल्यावरही जोरात चालू. क्रिस्टिन शार्वे आणि गेऑर्ग स्ट्रिडटर यांनी २००८ च्या सुमाराला लावे आणि बजरीगर यांच्या भ्रूणांची तुलना करून दाखवलं की बजरीगरमधे पुढच्या मेंदूत न्यूरॉन बनायचं काम उशिरापर्यंत चालू राहतं, म्हणजे मूळ पेशींना वाढून घ्यायला जास्त वेळ मिळतो आणि शेवटी न्यूरॉन जास्त होतात. यात जीनोमच्या आकाराचा संबंध आलाच पाहिजे असं नाही. म्हणून तुमच्या तक्त्यात पिल्लू कसं जन्मतं याचा एक कॉलम पहिल्या दिवसापासून ठेवा.

शरीराचं वजन आणि नात्यागोत्याचा प्रश्न

आता तक्ता. एका ओळीत एक जात, शास्त्रीय नाव, जीनोम, मोजायची पद्धत, शरीराचं वजन, मेंदूचं वजन, न्यूरॉन असतील तर तेही, पिल्लाचा प्रकार, गट. नावांमधे खूप वेळ जातो, जाऊ द्या. झेब्रा फिंच एका यादीत टेनिओपिजिया गुट्टाटा आणि नव्या यादीत ऑस्ट्रेलियातली फिंच टेनिओपिजिया कॅस्टॅनॉटिस, असं झालं की संगणक त्यांना दोन जाती समजतो आणि तुमची ओळ गुपचूप गळून पडते. वजनं पाळीव पक्ष्यांची की जंगली हेही बघा, पिंजऱ्यातला पोपट लठ्ठ झालेला असतो, ब्रॉयलर कोंबडीचं तर सोडाच, आणि शरीराचं वजन फुगलं की शरीराच्या मानाने मेंदू उगाच लहान दिसतो.

सगळे आकडे लॉगमधे बदला, कारण मेंदू शरीराच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, मोठ्या पक्ष्यात शरीराच्या मानाने मेंदू लहानच दिसतो. जुनी पद्धत अशी की आधी मेंदू आणि शरीर यांची रेघ काढायची आणि रेघेपासून कोण किती वर-खाली ते "सापेक्ष मेंदू" म्हणून पुढे वापरायचं. याला अडचण आहे. जीनोमचा आकार स्वतःच शरीराच्या वजनाशी बांधलेला असू शकतो, आणि मग असं दोन टप्प्यांत केलं की उत्तर वाकडं येतं. त्यापेक्षा एकाच समीकरणात लॉग मेंदू हा निकाल ठेवा आणि लॉग शरीर व लॉग जीनोम ही दोन्ही कारणं एकदम टाका. सरळ आणि प्रामाणिक.

मग नातीगोती. राघू, करण पोपट आणि तुईया पोपट या तीन स्वतंत्र साक्षी नाहीत, एकाच पूर्वजाकडून त्यांना जीनोमही मिळाला आणि मेंदूही. सगळे पोपट मिळून कदाचित एकच घटना सांगत असतील. जो फेल्सेन्स्टाइन यांनी १९८५ मधे हा मुद्दा नीट मांडला आणि उपायही दिला, तेव्हापासून वंशवृक्ष न वापरता केलेली अशी तुलना मी तरी धरत नाही. पक्ष्यांसाठी वॉल्टर जेट्झ आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा वंशवृक्ष फुकट मिळतो, ९,९९३ जाती, तुमची यादी टाकली की तेवढ्याच जातींची झाडं उतरवता येतात, एक नाही तर १०० घ्या, कारण फांद्या कशा जुळतात यात अनिश्चितता असते. आर हे सॉफ्टवेअर घ्या, एप आणि केपर ही पॅकेजेस टाका, केपरमधे झाड आणि तक्ता जोडायची आज्ञा आहे आणि पीजीएलएस नावाने वंशवृक्ष धरून रेघ बसवायची आज्ञा आहे. लँबडा नावाचा आकडा डेटावरूनच ठरू द्या, तो एकच्या जवळ आला तर नात्याचा प्रभाव जोरदार, शून्याजवळ आला तर कमी. पहिल्यांदा करणाऱ्याला एक-दोन संध्याकाळी पुरतात, फक्त जुळवणीनंतर किती जाती गळल्या ते आवर्जून बघा.

निकाल वाचताना

तुलना करायला एक छापील काम हाताशी ठेवा. चँडलर अँड्र्यूज आणि रायन ग्रेगरी यांनी २००९ मधे पोपट आणि काकाकुवा यांच्यावर अभ्यास छापला आणि त्यात जीनोम जितका लहान तितका सापेक्ष मेंदू मोठा असा उलटा संबंध मिळाला. एका गटाच्या आत असा संबंध निघणं ही मोठी गोष्ट आहे आणि म्हणूनच सुरुवात पोपटांपासून करा असं म्हणेन, गट जवळच्या नात्यातला, पिल्लं सगळ्यांचीच सारख्या प्रकारची, त्यामुळे बाकीचा गोंधळ कमी. पण सापेक्ष मेंदू म्हणजे न्यूरॉनची दाटी नव्हे. लहान पेशींमुळे मेंदू दाट झाला असेल तर तो मोठा व्हायची गरजच नाही, तेवढ्याच आकारात काम झालं असतं. मग लहान जीनोमवाल्यांचा मेंदू मोठा का? कदाचित दोन्ही गोष्टी तिसऱ्याच कशाला तरी बांधलेल्या असतील, चयापचयाचा वेग, उडण्याची पद्धत, वाढीचा काळ. उलटा संबंध मिळाला की त्याचं कारण मिळालं असं लिहू नका, संबंध मिळाला एवढंच लिहा.

उडण्याचं म्हणाल तर तोही धागा जुना आहे. १९९५ पासून म्हटलं जातं की उडायला ऊर्जा लागते, लहान पेशी ऑक्सिजनची देवाणघेवाण लवकर करतात, म्हणून जीनोम लहान झाला. वटवाघळांचे जीनोमही सस्तन प्राण्यांत लहान, आणि न उडणारा शहामृग पक्ष्यांत वरच्या टोकाला, हमिंगबर्ड खालच्या, हे सगळं त्याच्याशी जुळतं. पण २००७ मधे क्रिस ऑर्गन आणि सहकाऱ्यांनी नामशेष डायनोसॉर आणि पक्ष्यांच्या ३१ जातींच्या जीवाश्म हाडांमधल्या पेशींच्या पोकळ्या मोजल्या, पोकळीवरून पेशी आणि पेशीवरून जीनोम असा अंदाज काढला, आणि दिसलं की पक्ष्यांच्या वंशातला जीनोम उडायला लागायच्या खूप आधीच लहान झाला होता. तेव्हा तो मेंदूसाठी लहान झाला हे म्हणणं तर अजूनच कठीण. आधी लहान झाला, मग उडायला कामी आला, मग काही गटांमधे मेंदूलाही कामी आला, हा क्रम उपलब्ध पुराव्याशी जास्त जुळतो.

हमिंगबर्ड ही इथली चांगली परीक्षा आहे. सगळ्यात लहान जीनोम त्यांचे, मग साखळी सरळ चालत असती तर अवघड कोडी सोडवण्यात तेच पोपट-कावळ्यांच्या पुढे दिसायला हवे होते. तसं दिसत नाही. त्यांना फुलं कुठे, कधी मध भरतं हे अचूक लक्षात राहतं, गाणं शिकतात, हे विशेषच, पण मेंदूच एवढासा की दाटी कितीही असली तरी एकूण न्यूरॉन मर्यादितच. दाटी आणि एकूण संख्या हे दोन वेगळे प्रश्न ठेवा. डॅनियल सोल, लुई लेफेव्र आणि न्येमेत्स यांच्या गटाने २०२२ मधे दाखवलं की पक्षी नवीन युक्त्या किती शोधतात याचा संबंध पॅलियममधल्या न्यूरॉनच्या संख्येशी लागतो, म्हणजे चौथ्या कडीला बरा आधार आहे, फक्त ती संख्या जीनोमवरून ठरत नाही.

आणि एक पुरावा ऊर्जेच्या बाजूचा. जर्मनीत बोखुमला ओनुर ग्युन्टुर्क्युन यांच्या गटाने २०२२ मधे जागी असलेली कबुतरं तपासली, तर पक्ष्याचा एक न्यूरॉन सस्तन प्राण्याच्या न्यूरॉनपेक्षा साधारण तीन पट कमी ग्लुकोज वापरतो असं निघालं. लहान पेशी हे त्याचं एक संभाव्य कारण आहे, शरीराचं जास्त तापमान हे दुसरं. एवढे न्यूरॉन पोसायला पक्ष्याला परवडतं कसं याचं उत्तर यात बरंच आहे, आणि पक्षी विरुद्ध सस्तन या पातळीवर जीनोमची बाजू सगळ्यात भक्कम वाटते ती याच्यामुळे.

निकाल हातात आला की तो मोडायचा प्रयत्न करा. १०० झाडांवर पुन्हा चालवा. एकेक कुळ काढून चालवा, काकाकुवा काढले की संबंध नाहीसा होतो का बघा. पिल्लाचा प्रकार समीकरणात टाका आणि जीनोमचा आकडा टिकतो का ते बघा. शहामृगवाले काढा, कारण एका टोकाला बसलेले चारपाच मोठे पक्षी रेघ आपल्याकडे ओढून घेतात. शेवटी ज्या जातींचे न्यूरॉन मोजलेले आहेत तेवढ्याच घेऊन मेंदूच्या जागी पॅलियममधली दाटी निकाल म्हणून टाका. जाती कमी उरतील, चूक-मर्यादा रुंद येईल, ती तशीच आलेखावर दाखवा आणि तक्ता आलेखासोबत उघडा ठेवा म्हणजे दुसऱ्या कोणालाही तेच आकडे घेऊन तपासता येईल.